डायल टोनचं बिल कोण भरतं?

१२ ऑक्टोबर २०२०, सोमवार. सकाळी दहाच्या सुमारास मुंबई, ठाणे आणि नवी मुंबईची वीज एकदम गेली. लोकल जागच्या जागी थांबल्या. करोनाचे दिवस असल्यामुळे अर्धं शहर घरून काम करत होतं आणि त्या सगळ्यांच्या राउटरचे दिवे एकाच वेळी विझले. मुलुंडच्या आमच्या घरात तेव्हा दोन फोन होते. एक नव्या फायबर जोडणीबरोबर ‘फुकट’ मिळालेला, आणि दुसरा स्टुलावरचा जुना, तांब्याच्या तारेवरचा, जो वडिलांच्या आग्रहाखातर अजून काढला नव्हता. नव्या फोनचा रिसीव्हर उचलला, तर मुका. मग उगाचच जुना उचलून पाहिला. त्यात नेहमीचा डायल टोन वाजत होता. आमच्याकडे वीज यायला दुपार उलटली. तोवर शेजारपाजारचे चार जण येऊन त्या फोनवरून आपापल्या माणसांची विचारपूस करून गेले. पूर्वी व्हिजिटिंग कार्डावर शेजाऱ्याचा नंबर घालून पुढे ‘पी.पी.’ लिहीत, त्या जमान्यात गेल्यासारखं वाटलं.

“वीज नाही, मग हा कसा चालू?” असं मुलीने विचारलं. त्याचं उत्तर वडिलांनी दिलं, “त्याची वीज आपण भरत नाही, फोनवाले भरतात.” उत्तर अगदी बरोबर होतं, आणि लँडलाईनवरून फायबरवर जाताना कोणता खर्च कुठून कुठे सरकतो, हे त्यातच सगळं आलं होतं. मला ते कळायला मात्र पुढे दोन वर्षं आणि एक पावसाळा लागला.

तांब्याच्या फोनला लागणारी वीज एक्स्चेंजमधून येते, तीही बोलणं ज्या दोन तारांवरून जातं त्याच तारांवरून. एक्स्चेंजच्या बॅटरी रूममध्ये प्रत्येकी दोन व्होल्टचे चोवीस सेल ओळीने जोडलेले असतात, त्यांचे होतात ४८ व्होल्ट. रिसीव्हर जागेवर असतो तेव्हा हे ४८ व्होल्ट तारेवर नुसते उभे असतात. रिसीव्हर उचलला की सर्किट पूर्ण होतं, काही मिलिअँपिअर प्रवाह वाहू लागतो, आणि या घराला बोलायचं आहे हे एक्स्चेंजला कळतं. त्याची पोच म्हणजे डायल टोन. घंटी वाजवायची असली की त्याच तारेवर पंचाहत्तर व्होल्टच्या आसपासचा उलटसुलट प्रवाह सोडतात. (चालू लाईनचा उघडा जोड हातात असताना ज्याच्या घरी कुणाचा फोन आला आहे, त्याला हा आकडा पुस्तकात वाचावा लागत नाही.) गावाची वीज गेली तर बॅटऱ्या, बॅटऱ्या उतरू लागल्या तर डिझेल जनरेटर. महाराष्ट्राने भारनियमनाचे जे दिवस काढले, त्यात अंधारात बसून काका-मामांशी बोलता येत होतं ते या व्यवस्थेमुळे.

याचा खर्च कुठे दिसत नसे. बॅटऱ्या, डिझेल, रस्त्याकडेच्या खांबावरच्या डीपीपर्यंत (तारा वाटणाऱ्या पेटीपर्यंत) पोचलेली प्रत्येक घराची तांब्याची स्वतंत्र जोडी, ती शोधत सायकलवरून येणारा लाईनमन, एवढंच काय, फोनचं यंत्रसुद्धा. सगळं भाड्यात मुरलेलं असे. आपण महिन्याचं भाडं भरायचं आणि फोन डेड झाला की तक्रार नोंदवायची. दुरुस्तीला आठ दिवस लागोत की पंधरा, जबाबदारी कुणाची याबद्दल शंका नव्हती.

फायबरचं मूळ वेगळं. काच वीज वाहून नेत नाही, तिच्यातून जातो तो प्रकाश. वाकलेल्या काचेच्या तंतूंमधून प्रकाश चित्रासकट नेता येतो, हे पंजाबातल्या मोगा गावी जन्मलेल्या नरिंदरसिंग कपानी यांनी हॉपकिन्स यांच्याबरोबर १९५४ साली लंडनमध्ये दाखवलं. पण तेव्हाच्या काचेत थोड्याच अंतरावर प्रकाश मरून जाई. दोष काचेचा नाही, तिच्यातल्या अशुद्धतेचा आहे, आणि ती काढली तर टेलिफोनचे संदेश काचेतून नेता येतील, असं चार्ल्स काओ यांनी १९६६ मध्ये मांडलं. त्याबद्दल त्यांना २००९ चं नोबेल मिळालं. भारतात टेलिफोनसाठी प्रकाशतंतू पहिल्यांदा घातला गेला तो पुण्यात, १९७९ साली, एका एक्स्चेंजपासून दुसऱ्यापर्यंत. म्हणजे काच आपल्याकडे आली त्याला चार दशकं होऊन गेली. ती एक्स्चेंजपासून डीपीपर्यंत आणि डीपीपासून घराच्या दारापर्यंत यायलाच एवढा वेळ लागला, कारण शेवटच्या शंभर मीटरचा खर्च सगळ्यात जास्त असतो आणि तो घरटी करावा लागतो.

आज घरी येणाऱ्या फायबरचा गाभा साधारण नऊ मायक्रॉनचा, म्हणजे केसापेक्षा कितीतरी पट बारीक. एक्स्चेंजमधून निघालेली एक तार वाटेत स्प्लिटरमध्ये बत्तीस किंवा चौसष्ट घरांत वाटली जाते. स्प्लिटर म्हणजे काचेचीच वाटणी, त्याला वीज लागत नाही. त्या एका तारेवरून खाली येताना सेकंदाला सुमारे अडीच गिगाबिट आणि वर जाताना सव्वा गिगाबिट माहिती जाऊ शकते, तीही वीस किलोमीटरपर्यंत. तांब्यावरचं ब्रॉडबँड कागदोपत्री चोवीस मेगाबिटपर्यंत जाई, आणि एक्स्चेंज तीन-चार किलोमीटरवर असेल तर त्याच्या पाव हिश्शावर समाधान मानावं लागे. कंपन्यांना तांबं नको झालं आहे त्याचं कारण एवढ्यात स्पष्ट होतं. शेकडो जोड्यांच्या जाड केबलीत पहिल्याच पावसात पाणी शिरतं, लाईनवर खरखर सुरू होते, आपल्या फोनमध्ये तिसऱ्याच्या घरचं लग्न ठरताना ऐकू येतं. शिवाय तांब्याला भंगारात भाव आहे, त्यामुळे केबल चोरीला जाते. काच चोरून कुणी विकत नाही.

आता फोनचं काय? काचेवरून जाताना आवाजाचे तुकडे पाडले जातात. माणसाचा आवाज सेकंदाला ८,००० वेळा मोजायचा, प्रत्येक मोजमाप आठ बिटांत लिहायचं, म्हणजे सेकंदाला ६४ किलोबिट झाले. या आकड्यांचे वीस-वीस मिलिसेकंदांचे पुडके बांधायचे, प्रत्येकावर पत्ता चिकटवायचा आणि रवाना करायचे. पत्त्यांचं ओझं धरून हे ८० किलोबिटांच्या आसपास जातं. यालाच व्हीओआयपी म्हणतात. राउटरच्या पाठीमागे ‘फोन’ असं लिहिलेलं जे छोटं भोक असतं, त्यामागची चिप जुन्या एक्स्चेंजची नक्कल करते. घरातल्या घरात थोडे व्होल्ट तयार करते, डायल टोन ऐकवते, घंटी वाजवते. डायल टोन आता तुमच्याच दिवाणखान्यात तयार होतो.

एक तास बोललात तर दोन्ही बाजूंचं मिळून साधारण ७२ मेगाबाइट होतात. फायबरच्या साध्या प्लॅनमध्येही हजारांनी गिगाबाइट मिळतात, त्यापुढे हे म्हणजे समुद्रात तांब्याभर पाणी. ‘अमर्याद मोफत कॉल’ या पाटीचं अर्धं रहस्य हेच. उरलेलं अर्धं नियमांत आहे. पूर्वी एका कंपनीचा ग्राहक दुसरीच्या ग्राहकाला फोन लावी, तेव्हा पहिलीने दुसरीला मिनिटामागे काही पैसे द्यायचे असत. दूरसंचार नियामक ट्रायने लँडलाईनच्या बाबतीत ही रक्कम २०१५ मध्ये शून्यावर आणली आणि मोबाइलची १ जानेवारी २०२१ पासून. देणंच संपल्यावर कॉल मोजत बसण्यात अर्थ उरला नाही. रात्री उशिरा पाव दर लागे म्हणून डोळे चोळत एसटीडी बूथसमोर रांगेत उभे राहिलेल्यांना हे पुन्हापुन्हा सांगावंसं वाटतं.

तेव्हा बोलणं फुकट झालं, हे खरं आहे. पैसे दुसरीकडे जातात.

सुरुवातीपासून पाहू. २०१९ च्या सप्टेंबरात जिओने फायबर व्यापारी तत्त्वावर सुरू केलं तेव्हा सर्वांत स्वस्त प्लॅन ६९९ रुपयांचा होता. वर्षभरात तो ३९९ वर आला आणि त्याच सुमारास बीएसएनएलने ४४९ चा आणला. पाटीवरच्या या आकड्यांत १८ टक्के जीएसटी नसतो. ३९९ चे प्रत्यक्षात ४७१ होतात. जोडणीचे पैसे, राउटरची अनामत, सहा महिन्यांचे पैसे आगाऊ भरले तर जोडणी माफ, बारा महिन्यांचे भरले तर एखादा महिना वर, असे प्रकार कंपनीगणिक आणि हंगामागणिक बदलतात. त्यात लक्षात ठेवायची गोष्ट एकच. ‘फ्री राउटर’ बहुतेक वेळा तुमचा नसतो. जोडणी सोडताना तो ॲडॉप्टरसकट परत करावा लागतो, नाहीतर अनामत विसरा. खोका माळ्यावर जपून ठेवा, पावती त्याच्या आत ठेवा.

दुसरा सापळा गोड आहे. चारशेच्या पाटीखाली उभा राहिलेला माणूस चित्रपट-मालिकांच्या ॲपांची पाकिटं पाहून हजाराचा प्लॅन घेऊन घरी येतो. वेगही तसाच. चौघांच्या घरात तीस ते पन्नास मेगाबिट पुरतात. मोठा आकडा घेतला तरी मधल्या दोन भिंती ओलांडून वाय-फाय जे काही पोचवेल तेवढंच मागच्या खोलीत मिळणार, आणि तो दोष घरातल्या भिंतींचा असतो, फायबरचा नव्हे.

आता बिलात न येणारे खर्च. राउटर चोवीस तास चालू राहतो आणि साधारण दहा वॉट खातो. दिवे-पंख्यांच्या हिशोबात हे काहीच नाही असं वाटतं, पण पंखा बंद होतो आणि हा होत नाही. वर्षाचे झाले ८७ ते ८८ युनिट. तुम्ही विजेच्या कोणत्या टप्प्यात आहात त्यावर दर ठरतो. दहा रुपये धरले तर वर्षाला पावणेनऊशे रुपये. एक्स्चेंजमधल्या बॅटऱ्यांसाठी जी वीज फोन कंपनी भरत असे, तिच्या जागी आलेली ही आपल्या मीटरवरची वीज.

मग बॅटरी. राउटरसाठी छोटे यूपीएस मिळतात, बारा व्होल्टचे, पुस्तकाएवढे. हजार ते दोन हजारांत येतात आणि नवे असताना दोन-चार तास काढतात. घरात इन्व्हर्टर असेल तर राउटरचा प्लग त्याच्या लाईनवर घेतला की झालं. यूपीएसच्या आतल्या लिथियम सेलचं आयुष्य दोन-तीन वर्षांचं. सेल मेला तरी यूपीएसचा हिरवा दिवा मात्र तेवत राहतो, कारण तो भिंतीतल्या विजेवर तेवत असतो. आमच्याकडे हे वीज गेल्यावरच कळलं.

आणि एवढं करूनही फोन चालेलच असं नाही. इथे एका फरकाकडे बारकाईने पाहायला हवं, कारण तो जाहिरातीत कधीच नसतो. खऱ्या घरपोच फायबरमध्ये एक्स्चेंज आणि तुमचा राउटर यांच्यामध्ये विजेवर चालणारं काहीच नसतं, फक्त स्प्लिटर. पण आपल्याकडे बऱ्याच इमारतींत फायबर गच्चीपर्यंतच येते. तिथे एका पत्र्याच्या पेटीत जोडणी घरोघरी वाटणारा, विजेवर चालणारा स्विच ठेवलेला असतो, आणि तिथून खाली साधी लॅन केबल उतरते. केबलवाल्यांनी टीव्हीच्या तारांसाठी घालून दिलेल्या वाटा ब्रॉडबँडने उचलल्या, त्यातून हे झालं. त्या पेटीला वीज कुठून? बहुधा सोसायटीच्या जिन्याच्या मीटरवरून. म्हणजे एक, तिचं बिल मेंटेनन्समधून तुम्हीच भरता. दोन, वीज गेली की पेटी मरते, मग तुमच्या घरी यूपीएस असून उपयोग नाही. जोडणी घेण्याआधी कंपनीच्या माणसाला एकच प्रश्न विचारा, “गच्चीवर स्प्लिटर आहे की स्विच?” त्याला प्रश्नच कळला नाही, तर उत्तर मिळालं असं समजा. सोसायटीच्या कमिटीवर असाल तर वार्षिक सभेत कंपन्यांकडून जागेचं भाडं आणि विजेचे पैसे घेतो का, हेही एकदा विचारा. गच्चीवर अशा तीन-तीन पेट्या असतात आणि कराराचा कागद एकीचाही सापडत नाही.

२०२२ च्या जुलैत आमची जुनी लाईन डेड झाली. नेहमीप्रमाणे तक्रार केली. आठवड्याने आलेला लाईनमन निवृत्तीला टेकलेला होता. त्याने जिन्याखालची पेटी उघडली, जोड्या तपासल्या आणि वडिलांना म्हणाला, “काका, वरची केबलच गेलीय पाण्यात. आता नवी टाकत नाहीत. फायबर घ्या, नंबर तोच ठेवतो.” वडिलांनी फक्त शेवटचे तीन शब्द ऐकले आणि हो म्हटलं.

‘नंबर तोच’ ही मोठी गोष्ट आहे. मोबाइलचा नंबर तोच ठेवून कंपनी बदलायची सोय देशभर २० जानेवारी २०११ पासून आहे. लँडलाईनला ती नाही. तुमच्या जुन्या कंपनीकडेच तांब्यावरून फायबरवर गेलात तर नंबर राखता येतो; कंपनी बदललीत की नंबर गेला. तीस वर्षं जुना नंबर बँकेत, विम्याच्या पॉलिसीवर, गॅसच्या पुस्तकात, डॉक्टरांच्या कार्डावर आणि गावाकडच्या आत्याच्या भिंतीवर पेन्सिलीने लिहिलेला असतो. तो बदलण्याची किंमत रुपयांत सांगता येत नाही, पण दुसरी कंपनी पन्नास रुपयांनी स्वस्त आहे म्हणून उडी मारण्याआधी ती धरायला हवी. आम्ही दुसऱ्या कंपनीची, अधिक वेगवान जोडणी सोडली आणि जुन्या कंपनीची फायबर ठेवली, ती नंबरसाठी. कंपनी बदलायचीच असेल तर जुनी लाईन रीतसर अर्ज करून बंद करा, यंत्र परत द्या, त्याची पोच घ्या. त्याशिवाय अनामत परत मिळत नाही, आणि वापरात नसलेल्या लाईनचं भाडं साचत जातं ते वेगळंच.

यंत्रांचे घोळ अजून राहिलेच. बटणांचा जुना फोन राउटरच्या भोकात सरळ चालतो. गोल तबकडीचा फोन मात्र फसवतो. तो वाजतो, त्यावरून बोलता येतं, पण नंबर फिरवला तर बऱ्याच राउटरना ती टकटक कळत नाही. तो शोभेचा समजावा. पूर्वी एका लाईनवर बैठक, झोपायची खोली आणि खालचं दुकान असे तीन-चार फोन समांतर वाजत. राउटरमधल्या चिपची ताकद मर्यादित असते, दोन यंत्रांपलीकडे घंटी अशक्त होते. घरातलं जुनं वायरिंग वापरायचं ठरवलं तर बाहेरून आलेली तांब्याची जोडी आधी तोडून वेगळी करा. ती लाईन चुकून जिवंत असली तर तिचे ४८ व्होल्ट राउटरच्या पाठीत शिरतात. आणि राउटर ठेवतात कुठे? फायबर जिथून आत येते तिथे, म्हणजे दाराजवळ, टीव्हीमागे. ज्यांच्यासाठी फोन ठेवला आहे ती म्हातारी माणसं आतल्या खोलीत. आम्ही शेवटी एक कॉर्डलेस घेतला. त्यालाही वीज लागते, म्हणून त्याचाही प्लग यूपीएसवर.

दुकानदारांनी आणि दवाखान्यांनी आणखी एक यादी करावी. लँडलाईनवर चालणारं जुनं कार्ड स्वाइप यंत्र, फॅक्स, चोरी झाल्यास आपोआप नंबर लावणारा अलार्म. ही यंत्रं आवाजाच्या तारेवर आपली विशिष्ट शिट्टी घालतात, आणि आवाजाची पुडकी बांधताना ती शिट्टी बिघडू शकते. फॅक्सचं पान अर्धवट निघालं तर दुसरं पाठवता येतं. अलार्मचं तसं नाही.

याचा धडा ब्रिटनने घेतला आहे. तिथे तांब्याचं सगळं टेलिफोन जाळं डिसेंबर २०२५ मध्ये कायमचं बंद करायचं ठरलं होतं. पण एकट्या राहणाऱ्या लाखो वृद्धांच्या गळ्यात मदतीचं बटण असतं. दाबलं की लँडलाईनवरून मदतकेंद्राला फोन जातो. नव्या लाईनवर काहींची बटणं चाललीच नाहीत. २०२३ च्या अखेरीस अशा गंभीर घटना समोर आल्यावर कंपन्यांना सक्तीचे बदल थांबवावे लागले आणि मुदत जानेवारी २०२७ पर्यंत पुढे गेली. ज्यांना लँडलाईनशिवाय दुसरा आधार नाही, त्यांचा फोन वीज गेल्यावर किमान एक तास चालला पाहिजे, अशी तिथल्या नियामकाची अपेक्षा आहे. त्यासाठीची बॅटरी कंपनीने द्यायची. मुलांकडे तिकडे राहायला गेलेल्या आपल्याकडच्या आईवडिलांनी ती मागून घ्यावी. आपल्याकडे राउटरबरोबर बॅटरी कुणी देत नाही. मागायची असते हेही आपल्याला सुचत नाही.

कायद्याचा एक मुद्दा थोडक्यात. व्हीओआयपी हा शब्द आपण तीन निरनिराळ्या गोष्टींसाठी वापरतो. ॲपवरून ॲपवर केलेला कॉल, ज्यावरून साध्या लँडलाईनची घंटी वाजत नाही. फायबर कंपनीने राउटरमधून दिलेला, खरा नंबर असलेला फोन. आणि कार्यालयांसाठीच्या इंटरनेटवरच्या फोनव्यवस्था. भारतात इंटरनेटवरून परदेशी फोन लावायची मुभा १ एप्रिल २००२ ला मिळाली, पण परवान्याशिवाय इंटरनेटवरचे कॉल इथल्या सार्वजनिक जाळ्यात सोडणं हा गुन्हा आहे. ‘बेकायदा एक्स्चेंजवर छापा’ अशी बातमी वाचता ती याचीच. कुणी स्वस्तातलं यंत्र घेऊन दुकानात आला तर आधी त्याच्याकडे परवाना आहे का ते विचारा.

तर आमच्या घरचा हिशोब असा. साडेचारशेचा प्लॅन करासह ५३१ रुपये, वर्षाचे ६,३७२. राउटरची वीज ८७६. दीड हजारांचं यूपीएस तीन वर्षांत वाटून ५००. एकूण ७,७४८, म्हणजे महिन्याला साडेसहाशेच्या जरा खाली. जुन्या लाईनचं नुसत्या फोनचं बिल अडीचशेच्या आसपास येई. इंटरनेट हवं असेल आणि घरात दोघं-तिघं ते वापरत असतील, तर साडेसहाशे महाग नाहीत. मोबाइलचे मोठे रिचार्ज कमी होतात, आवाज स्वच्छ येतो, काही कंपन्यांच्या ॲपमुळे घरचा नंबर खिशातल्या मोबाइलवरही वाजतो. पण घरात एकट्या आजी असतील, त्यांना फक्त फोन उचलून बोलायचं असेल, तर त्यांच्यासाठी हा अडीच पटीहून महाग आणि आधीपेक्षा कमी भरवशाचा सौदा आहे. अशा घरात तांब्याची लाईन चालू असेल तर ती मरेपर्यंत ठेवावी, असं माझं मत आहे. कंपनीचा माणूस उलट सांगेल, आणि त्याची अडचणही खरी आहे.

देशात लँडलाईनचे ग्राहक २००६ च्या सुमारास पाच कोटींच्या घरात होते, २०२० मध्ये दोन कोटी उरले आणि २०२३ च्या अखेरीस पुन्हा तीन कोटींवर गेले. ही वाढ फायबरची. २०२२ च्या ऑगस्टमध्ये जिओने या यादीत बीएसएनएलला मागे टाकलं, तेही फायबरच्याच जोरावर. माझ्या ओळखीच्या बहुतेक घरांत मात्र राउटरच्या त्या भोकात फोनचं यंत्र कुणी जोडलेलंच नाही. नंबर आहे, बिलावर छापून येतो, घरात तो कुणाला पाठ नाही.

बिघाडाचं स्वरूपही बदललं आहे. आता कुणी ‘फोन डेड झाला’ म्हणत नाही, ‘लाल दिवा लागला’ म्हणतो. राउटरवर लाल दिवा म्हणजे प्रकाशच पोचत नाही. तार झाडाच्या फांदीने ओढली, उंदराने कुरतडली किंवा रस्ता खणताना तुटली. ती हाताने पीळ देऊन जोडता येत नाही. यंत्र आणून काचेची दोन टोकं वितळवून एकजीव करावी लागतात. घरात तार भिंतीच्या कोपऱ्यात काटकोनात मुडपली तरी प्रकाश गळतो. तेव्हा झाडूवालीला आणि सुताराला ती पिवळी किंवा काळी बारीक दोरी दाखवून ठेवा.

आमच्या यूपीएसवर आता एक चिठ्ठी चिकटवली आहे. तिच्यावर सेल कधी बदलला त्याची तारीख आहे, आणि खाली वडिलांच्या अक्षरात ११२ आणि डॉक्टरांचा नंबर. तुमच्याकडे फायबरचा फोन असेल तर येत्या रविवारी सकाळी घराचा मेन स्विच पाच मिनिटं बंद करा, रिसीव्हर उचला आणि डायल टोन येतो का ते ऐका.